आरव्हीत रोज सकाळी पाणी: ओरेगॉनच्या किनाऱ्यावर हिवाळ्यातली ओल कशी शोधायची, कशी घालवायची

सकाळी उठावं तर खिडक्यांच्या काचा आतून निथळतायत. ॲल्युमिनियमच्या चौकटीत पाण्याची तळी साचलीत. पलंगाच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात गादी हाताला सर्द लागते, कपाट उघडलं की कुबट वास येतो आणि काल फोडलेली बिस्किटं आज सादळलेली असतात. फडक्याने सगळं टिपून घ्यायचं, हीटर एक घर वाढवायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हिवाळ्यात आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी किंवा ट्रेलर, घेऊन समुद्राकाठच्या गावांतून फिरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची ही तक्रार असते. बहुतेकांचा पहिला संशय छपरावर जातो आणि पहिला उपाय म्हणून लोक असेल नसेल ती फट बंद करतात. संशय कधीकधी खरा निघतो. उपाय मात्र जवळपास नेहमीच उलटा पडतो.

हे सगळं मी अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या ओरेगॉन राज्याच्या किनाऱ्यापुरतं लिहितेय. वर ॲस्टोरिया, खाली ब्रुकिंग्स आणि मधे १०१ नंबरचा हायवे. काळ नोव्हेंबर ते मार्च. या दिवसांत उन्हाळ्यातली झुंबड नसते, कॅम्पसाइट आयत्या वेळीही मिळते, डिसेंबरच्या शेवटापासून राखाडी देवमासे दक्षिणेकडे जाताना दिसतात, आणि बंदरांच्या गावांत खेकड्यांचा हंगाम चालू असतो. १९६७ च्या कायद्याने इथले किनारे सगळ्यांना खुले आहेत, त्यामुळे पाऊस उघडला की कुठेही उतरून चालायला जाता येतं. मुक्काम मात्र वाळूवर नाही, कॅम्पसाइटवरच.

थंडी म्हणाल तर बेताची. न्यूपोर्टला जानेवारीत दिवसा १० अंश सेल्सिअसच्या आसपास, रात्री ३-४. पाइप गोठायची भीती क्वचितच. हिवाळ्यातल्या आरव्हीबद्दल जे सल्ले मिळतात ते बहुतेक बर्फाळ भागातले, म्हणजे पाइप गुंडाळा, टाक्या गरम ठेवा, फटी बुजवा. तिथली हवा कोरडी असते. इथे ती दिवसरात्र ८०-९० टक्के आर्द्रतेची. ॲस्टोरियात वर्षाला १,७०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. रत्नागिरीत त्याच्या जवळपास दुप्पट पडतो, पण रत्नागिरीचा पाऊस चार महिन्यांत येऊन उरकतो आणि तेव्हा आपण चाकांवरच्या डब्यात दारंखिडक्या लावून झोपत नाही.

आधी ठरवा, पाणी कुठलं

आतल्या पाण्याला मुख्य वाटा तीन असतात. आतली वाफ गार पृष्ठभागावर जमते, बाहेरचा पाऊस आत झिरपतो, किंवा आपलीच पाण्याची लाइन गळते. उपाय तिन्हींचे वेगळे. म्हणून सिलंटची, म्हणजे फटी बुजवायच्या लुकणाची, नळी विकत आणण्याआधी एक-दोन दिवस नुसतं बघण्यात घालवा.

सगळ्यात सोपी खूण म्हणजे कोरडी रात्र. पाऊस नाही, आभाळ मोकळं, तरी सकाळी काचा ओल्या असतील तर ती वाफ. पाऊस असताना आणि तोही वाऱ्याचा असतानाच पाणी दिसत असेल तर गळती. इथल्या हिवाळी वादळांचा वारा बहुधा दक्षिणेकडून किंवा नैर्ऋत्येकडून येतो. गाडीची कुठली बाजू त्या दिशेला होती ते लक्षात ठेवा. वाफेचं पाणी गाडीभर सगळ्या गार जागी दिसतं. गळतीचं पाणी वाऱ्याच्या बाजूला एकाच जागी दिसतं आणि वाळल्यावर बहुतेक वेळा चहासारखा पिवळट-तपकिरी डाग मागे ठेवतं.

भिंतीवरच्या एखाद्या डागाबद्दल शंका राहिली तर ती जागा कोरडी पुसा, पारदर्शक प्लास्टिकचा वीतभर चौकोन तिथे ठेवून चारही कडा टेपने बंद करा आणि दिवसभर राहू द्या. पाणी प्लास्टिकच्या तुमच्याकडच्या बाजूला जमलं तर ती आतली वाफ. प्लास्टिकच्या मागे जमलं तर पाणी भिंतीतून येतंय. मग मात्र छप्पर बघायलाच हवं. व्हेंटभोवतीचं, म्हणजे छपरातल्या हवेच्या झरोक्याभोवतीचं सिलंट, कडेच्या पट्ट्यांचे स्क्रू, आणि पुढच्या कपाळावरचे ते छोटे पिवळे दिवे. त्या दिव्यांखालचं रबरी गॅस्केट वाळून कडक झालेलं असतं आणि गाडी हायवेवर साठ मैलांनी पावसात धावताना पाणी तिथून आत घुसतं. म्हणून काही गळत्या मुक्कामाला कधीच दिसत नाहीत, फक्त प्रवासाच्या दिवशी दिसतात. छपरावर चढायचं ते छप्पर कोरडं असतानाच. ओलं रबरी छप्पर भयंकर निसरडं असतं.

पाण्याच्या लाइनची तपासणी दोन मिनिटांची आहे. बाहेरून जोडलेली पाण्याची नळी काढा, पंप चालू करा, आतले सगळे नळ बंद, आणि गप्प बसा. कोणी नळ उघडलेला नसताना दर काही मिनिटांनी पंप घुरघुरला तर कुठेतरी दाब उतरतोय. सिंकखालचे जोड, गिझरच्या मागची जागा आणि टॉयलेटचा तळ या क्रमाने टॉर्च घेऊन बघा.

आणि एक चौथा प्रकार, जो धड गळतीही नाही आणि वाफही नाही. आरव्हीच्या सरकत्या खिडकीच्या खालच्या खोबणीत पाणी येणारच असं धरून ती बनवलेली असते. ते बाहेर जावं म्हणून चौकटीला बाहेरच्या अंगाने खालच्या बाजूला दोन-तीन बारीक आडव्या चिरा ठेवलेल्या असतात, कधी त्यांच्यावर प्लास्टिकचं इवलंसं झाकण असतं. किनाऱ्यावर या चिरा हमखास बुजतात. वाळू, सूचिपर्णी झाडांच्या सुया आणि हिरवं शेवाळ मिळून तिथे एक चिकट गोळा तयार होतो. मग खोबण भरते, आतल्या कडेवरून ओसंडते आणि भिंतीवरून ओघळ येतो. बघणारा म्हणतो, खिडकी गळतेय. खिडकीचं सिलंट खरवडून नवं लावण्यात आख्खा शनिवार घालवलेले लोक आमच्या माहितीत आहेत. त्याआधी कॉफीच्या कपाने खोबणीत थोडं पाणी ओता आणि बाहेर जाऊन बघा. पाणी चिरेतून सरळ खाली धार धरून पडायला हवं. पडत नसेल तर केबल बांधायची प्लास्टिकची पट्टी चिरेत घालून हलकेच पुढे-मागे करा. काळपट हिरवा गाळ बाहेर येतो आणि मागोमाग कोंडलेलं पाणी भसकन पडतं. तारेने किंवा स्क्रूड्रायव्हरने खुपसू नका, आतला रंग खरवडला की खारट हवेत ॲल्युमिनियमवर पांढरी पूड धरते. गाडी खिडकीच्या बाजूने कलली असेल तरीही हेच होतं, त्यामुळे लेव्हल करून उभी करणं हे फक्त फ्रिजसाठी किंवा झोपेसाठी नसतं.

वाफ येते कुठून

दहातल्या नऊ तक्रारी शेवटी वाफेच्याच निघतात असं माझं मत आहे. तर तिचा हिशोब बघू.

आमच्यासारखा २४ फुटी ट्रेलर धरा. आतली हवा साधारण ३२ घनमीटर. २० अंशांची हवा घनमीटरला जास्तीत जास्त १७ ग्रॅमच्या आसपास पाणी वाफेच्या रूपात धरू शकते. म्हणजे आख्ख्या गाडीतली हवा काठोकाठ भरली तरी त्यात मावतं अर्धा लिटरच्या आसपास पाणी. आणि दोन माणसं नुसती झोपून, श्वासातून आणि त्वचेतून, रात्रभरात अर्धा ते पाऊण लिटर पाणी हवेत सोडतात. गाडी घट्ट बंद असेल तर ते जाणार कुठे? काचेवर.

त्यात काच एकेरी. बाहेर ५ अंश आणि आत २० असताना एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग ९ अंशांच्या आसपास असतो. आतली आर्द्रता ६० टक्के असेल तर १२ अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. म्हणजे काच ओली होणारच. आर्द्रता ४८-५० टक्क्यांच्या खाली आणली की काच जवळपास कोरडी राहते. धातूच्या चौकटीवर थोडे थेंब तरीही येतील, ते मनाला लावून घेऊ नका.

आता यात स्वयंपाक मिळवा. कुकर उगाच बदनाम आहे. झाकण बंद असतं, शिट्टीला जाते ती वाफ थोडीच. खरं पाणी सोडतं ते उघड्या पातेल्यातलं खळखळतं वरण किंवा आमटी. वीस मिनिटांत पाव लिटर पाणी सहज हवेत जातं. चहा "अजून जरा उकळू दे" म्हणून ठेवलेला असतो तोही त्यातच. शिवाय गॅस जळतानाही पाणी तयार होतं. १ किलो प्रोपेन जळलं की सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ निघते, हे रसायनशास्त्र आहे, त्याला इलाज नाही.

म्हणूनच आत ठेवून पेटवायचे ते छोटे प्रोपेन हीटर या किनाऱ्यावर सगळ्यात वाईट. तासाला ९,००० बीटीयू (उष्णतेचं एकक) देणारा हीटर आठ तास चालला तर दीड किलो प्रोपेन जळतं आणि अडीच लिटर पाणी तुमच्या झोपायच्या खोलीत येतं. ऊब येते, आणि सकाळी छतातून टपटप. वर कार्बन मोनॉक्साइडचा धोका आहेच. गॅसची शेगडी ऊब आणायला पेटवणं तर मुळीच नको. गाडीतला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उलटा करून मागची तारीख बघा. या अलार्मना मुदत असते आणि जुनी आरव्ही विकत घेतलेल्यांच्या गाडीत ती बहुधा उलटून गेलेली असते.

गाडीचा मूळचा फर्नेस, म्हणजे तिच्यातच बसवलेला गॅसचा हीटर, तसा नाही. त्याची ज्वाळा बंद पेटीत असते आणि धूर-वाफ भिंतीतल्या तोंडातून बाहेर जाते. आत येते ती फक्त गरम कोरडी हवा. डिझेलवरचे पार्किंग हीटरही नीट बसवलेले असतील तर तसेच. विजेचा हीटर पाण्याचा थेंबही तयार करत नाही.

पाऊस असला तरी व्हेंट उघडा

हे ऐकून घ्यायला कोकणातल्या माणसाला सगळ्यात जड जातं. माझ्या सासूबाई देवरूखच्या. इथे आल्या तेव्हा बाहेर धो धो पाऊस आणि छपरातला पंखा चालू बघून त्या म्हणाल्या, "अगं, सगळी ओल आत घेत्येस काय? लाव ते आधी." देवरूखला जुलैत त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. २७ अंशांच्या ९० टक्के दमट हवेत घनमीटरला २३ ग्रॅम पाणी असतं. ती घरात घेतली की पापड, लोणचं, चपला, पुस्तकं, सगळं ओल धरतं. पण ओरेगॉनच्या पावसातली हवा ७ अंशांची. ९० टक्के आर्द्रता असली तरी तिच्यात घनमीटरला पाणी ७ ग्रॅमच. ती आत आली, २० अंशांपर्यंत तापली की तिचीच आर्द्रता ४० टक्क्यांवर येते. थोडक्यात, बाहेरची ती ओलीगच्च वाटणारी हवा तुमच्या आतल्या हवेपेक्षा खूप कोरडी आहे. फक्त तिला आत घेऊन गरम करायला हवी.

दोन्ही गोष्टी एकत्र हव्यात, ही यातली ग्यानबाची मेख. नुसता व्हेंट उघडला आणि गाडी थंड ठेवली तर भिंती गार पडतात आणि ओल तशीच. नुसता हीटर लावून गाडी बंद ठेवली तर गरम हवा आणखी पाणी उचलते आणि रात्री हीटर मंदावला की ते काचेवर ओतते. "आम्ही हीटर फुल ठेवतो तरी ओल येते" म्हणणाऱ्यांचं नेमकं हेच होत असतं.

हवा किती बदलायची? फार नाही. आत ६० टक्के आणि बाहेर ७ ग्रॅम धरलं तर आमच्या ट्रेलरमधली हवा एकदा पूर्ण बदलली की शंभर ग्रॅमच्या वर पाणी बाहेर जातं. दोन माणसं तासाला त्यापेक्षा कमी सोडतात. म्हणजे तासाला एकदा हवा बदलली तरी झोपेपुरतं भागतं, आणि ती नवी हवा तापवायला लागते फक्त १४० वॉटच्या आसपास ऊर्जा. १,५०० वॉटच्या हीटरचा दहावा हिस्सा. "व्हेंट उघडला तर सगळी ऊब जाईल" या भीतीत तेवढंच तथ्य आहे.

करायचं असं. छपरावरच्या व्हेंटला पावसाचं प्लास्टिकचं झाकण बसवून घ्या. ते नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ, कारण पाऊस आला की तुम्ही व्हेंट बंद करणार. मग व्हेंट दोन बोटं उघडा, पंखा हवा बाहेर टाकण्याच्या दिशेने, सगळ्यात कमी वेगावर. गाडीच्या दुसऱ्या टोकाची, वाऱ्याच्या आडची एक खिडकी बोटभर उघडी. हवा एका टोकाने आत येऊन दुसऱ्या टोकाने जायला हवी. व्हेंटशेजारचीच खिडकी उघडलीत तर हवा तिथल्या तिथेच फिरून निघून जाईल. रात्री थर्मोस्टॅट फार खाली नेऊ नका, १५-१६ अंशांवर ठेवा. स्वयंपाक करताना आणि नंतर पंधरा-वीस मिनिटं पंखा मोठा. पातेल्यावर झाकण.

अंघोळीचं म्हणाल तर स्टेट पार्कात गरम पाण्याचे शॉवर असतातच, ते वापरा. आरव्हीतल्या शॉवरमध्ये दोघांनी पाठोपाठ अंघोळ करायची आणि मग ओल कुठून आली विचारायचं, यात काही राम नाही.

आर्द्रतामापक दहा-बारा डॉलरचा मिळतो, दोन घ्या. एक टेबलाजवळ, एक पलंगाच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात. स्वस्त मापक पाच-सात टक्के सहज चुकतात. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंबथेंब पाणी घालून घट्ट कालवा, झाकण आणि मापक झिपच्या पिशवीत घालून रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दाखवायला हवं. जितका फरक तितका मनात धरायचा. ४० ते ५० मध्ये गाडी सुखात असते, ६० च्या वर दिवसेंदिवस राहिली की बुरशीला आमंत्रण.

ओले कपडे आणि खारट कपडे

इथे दिवसातून दोनदा भिजणं होतं. रेनकोट, बूट, टोप्या, कुत्रा असेल तर कुत्रा. हे सगळं आत वाळवलं तर एक-दीड लिटर पाणी आत आलंच समजा. आम्ही ओले कपडे बाथरूममध्ये टांगतो, तिथला छपराचा व्हेंट उघडून दार लावून घेतो. त्याहून बरं म्हणजे लॉन्ड्रोमॅट, पैसे देऊन मशीनवर कपडे धुवायची-वाळवायची जागा. किनाऱ्यावरच्या बऱ्याच गावांत एखादं तरी असतं, आणि पावसाळी दुपारी तिथे बसून गावातल्या चार गोष्टी कानावर पडतात ते वेगळंच. पोर्ट ऑरफर्डला मासेमारीच्या बोटी क्रेनने उचलून धक्क्यावर ठेवतात हे आम्हाला ड्रायरसमोर बसूनच कळलं.

समुद्राचे तुषार उडालेलं जॅकेट मात्र नुसतं वाळवून भागत नाही. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं हे आपल्याला सांगायला नको. ७५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता गेली की मीठ हवेतलं पाणी ओढतं, आणि समुद्राचं मीठ त्याच्याही आधी. तेव्हा ते जॅकेट, ते टॉवेल, ती दाराजवळची वाळू भरलेली सतरंजी, हे सगळं गोड्या पाण्यातून काढलं नाही तर कायम ओलसरच राहतं. सतरंजीकडे कोणाचं लक्ष जात नाही.

गादी, कपाटं आणि चंदेरी पडदे

गादीखाली हात घालून बघा. वरून कोरडी ठणठणीत आणि खालून ओली, असं नेहमी सापडतं. अंगाची ऊब आणि वाफ गादीतून खाली उतरते आणि गार प्लायवूडला लागून पाणी होते. प्लायवूडवर पट्ट्यांची चौकट किंवा जाळीचा जाड थर घालून गादी इंचभर वर उचला, म्हणजे खालून हवा खेळेल. प्लायवूडला भोकं पाडणं हा अर्धाच इलाज, कारण खाली सामानाचा कप्पा असतो आणि तोही गारच. जाळी मिळेपर्यंत रोज सकाळी गादी भिंतीला उभी करून ठेवायची, कंटाळा न करता.

बाहेरच्या भिंतीला लागून असलेली कपाटं भरगच्च भरू नका. कपडे भिंतीला टेकले की तिथे ऊब पोचत नाही, भिंत गार राहते आणि ओल तिथेच बसते. दारं रात्री किलकिली.

खिडकीला आतून लावायचे ते चंदेरी बबलचे पडदे हा वादाचा विषय आहे. ऊब राखतात हे खरं, पण त्यांच्यामागची काच आणखी गार होते आणि कडेच्या फटीतून वाफ जाऊन मागे साचते. सकाळी पडदा काढला की मागे पाण्याचा थर. लावायचेच असतील तर कडा घट्ट बसतील असे कापा आणि सकाळी न चुकता काढून पुसा. बाहेरून लावायचं कव्हर जास्त चांगलं, कारण त्याने काचच गार होत नाही. वादळात ते बाहेर जाऊन काढावं लागतं, ही त्याची किंमत.

डीह्युमिडिफायर घ्यावा का?

हवेतली ओल काढणारं हे यंत्र. वीज असलेल्या जागी राहत असाल तर मदत होते, पण हवा बदलण्याला तो पर्याय नाही. घेताना प्रकार बघा. कॉम्प्रेसरवाला १५ अंशांच्या खाली सुस्तावतो, त्याच्या गार नळ्यांवर बर्फ धरतो. तो उबदार गाडीत दिवसा चालवा. ओल शोषणाऱ्या चाकाचा, डेसिकंट प्रकारचा, थंडीतही चालतो आणि थोडी ऊबही देतो, पण वीज जास्त खातो. वीतभर उंचीचे, आवाज न करणारे, विजेवर चालणारे स्वस्त डबे दिवसाला कपभर पाणी काढतात. ते कपाटासाठी. कॅल्शियम क्लोराइडच्या खड्यांचे डबेही तसेच, बंद कप्प्यात ठीक. गाडी चालू लागायच्या आधी ते उचला. सांडलेलं ते पाणी कार्पेटमधून कधीच वाळत नाही आणि धातू खातं.

विजेचा हिशोब विसरू नका. ३० ॲम्पच्या जोडणीवर एकूण ३,६०० वॉट. हीटर १,५००, गिझर विजेवर असेल तर साधारण तेवढाच, त्यात इन्स्टंट पॉट (विजेचा कुकर) लावला की ब्रेकर पडलाच. वारा नसेल तर इन्स्टंट पॉट बाहेर ऑनिंगखाली (गाडीच्या कापडी मांडवाखाली) टेबलावर, पार्कच्या खांबावरच्या वेगळ्या सॉकेटला. वाफही बाहेर, भारही बाहेर.

वीज नसलेल्या जागी गणित अवघड होतं. फर्नेसचा पंखा ७ ॲम्पच्या आसपास घेतो. लांब रात्रीत तो निम्मा वेळ चालला तरी बारा तासांत ४०-४२ ॲम्प-तास गेले. १०० ॲम्प-तासांच्या साध्या बॅटरीतून नीट वापरता येतात ५०. डिसेंबरात इथे दिवस जेमतेम नऊ तासांचा, आभाळ राखाडी, सोलर पॅनेल नावाला. व्हेंटचा पंखा मंद वेगावर फार थोडी वीज घेतो, त्यामुळे काटकसर करायचीच तर ती त्याच्यावर करू नका. दोन रात्रींनंतर तिसरी रात्र विजेची धरा. न्यूपोर्ट आणि फ्लॉरेन्स इथे बंदरांनीच चालवलेले आरव्ही पार्क आहेत. बँडनजवळचा बुलर्ड्स बीच आणि ब्रुकिंग्सचा हॅरिस बीच हे स्टेट पार्क बारमाही.

जागा निवडताना स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षांच्या दाट झाडीतला कोपरा मोहात पाडतो. पाऊस थांबल्यावर तासन्‌तास झाडं टपटपत राहतात, सकाळचं ऊन पोचत नाही, आणि सुया त्या खिडकीच्या चिरांत जातात. वादळात फांद्या पडतात ते निराळं. पूर्वेकडून उघडी जागा बघा. ब्रुकिंग्सला जमलं तर एखादा कोरडा दिवस साधा. तिथे चेटको नदीच्या खोऱ्यातून जमिनीवरचा वारा खाली उतरताना तापतो आणि ऐन जानेवारीत हवा २० अंशांपर्यंत जाऊ शकते. असा दिवस मिळाला की देवमासे राहू देत, गाद्या, उश्या, कपाटातले कपडे सगळं बाहेर काढा आणि दारंखिडक्या सताड उघडा.

बुरशी आधीच धरली असेल तर

खिडकीच्या रबरावरचे काळे ठिपके, गादीखालचा पांढरट बुरा, इतपत असेल तर साबणाच्या पाण्याने घासून लगेच कोरडं करा. हातमोजे आणि मास्क लावून, व्हेंट उघडा ठेवून. लाकडावर ब्लीच ओतू नका, रंग जातो आणि आतली ओल तशीच राहते. ब्लीच व्हिनेगरमध्ये किंवा अमोनियाच्या क्लीनरमध्ये कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. डाग तीन फूट बाय तीन फुटांपेक्षा मोठा असेल, भिंत दाबल्यावर दबत असेल किंवा बाहेरच्या फायबरग्लासला फुगा आला असेल, तर ते वाफेचं काम नाही. तिथे जुनी गळती आहे आणि भिंत उघडावी लागेल.

एवढं करूनही आठवडाभराने मापक ६० च्या वरच असेल तर तीन जागा बघायच्या राहिल्यात. चाकांवरच्या कमानीचा आतला भाग, तिथे इन्सुलेशन बहुधा नसतंच. पलंगाखालचा सामानाचा कप्पा, ज्याच्या दाराचं रबर दबलेलं असतं आणि चाकांचं पाणी आत येतं. आणि कार्पेट. एकदा आतपर्यंत भिजलेलं कार्पेट दिवसेंदिवस हवेत पाणी सोडत राहतं, आणि व्हेंट कितीही चालवला तरी मापकाचा आकडा हलत नाही. ते उचलून बाहेर काढल्याशिवाय गत्यंतर नाही.

घरी परत आल्यावर गाडी ड्राइव्हवेत उभी केली की लोक ती कुलूपबंद करून मार्चपर्यंत विसरतात. टाक्या रिकाम्या करा, गाद्या उभ्या, कपाटं-ड्रॉवर उघडे, झाकणाखालचा व्हेंट बोटभर उघडा. मापक आत खिडकीजवळ ठेवा, म्हणजे बाहेरूनच आकडा वाचता येतो. फ्रिज बंद करून पुसून त्याच्या दाराला टॉवेलची घडी लावून ते किलकिलं ठेवा. बंद दारामागे महिनाभर राहिलेल्या फ्रिजचा वास घालवणं या सगळ्या खटाटोपापेक्षा अवघड आहे.